निदान एका निवडुंगाचे

व्यवसायातून निवृत्त झाल्यावर इंदूरहून मुलाकडे, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात तुसान येथे गेलो होतो. एप्रिल महिना होता. सग्वारो राष्ट्रीय उद्यानात, खांबासारख्या उंच सग्वारो निवडुंगांच्या पायथ्याशी, वीतभर उंचीच्या काटेरी खोडांचा एक झुबका किरमिजी फुलांनी बहरलेला दिसला.

आपल्याकडे त्रिधारीलाही निवडुंगच म्हणतात. पण चीक गाळणारी ती वनस्पती एरंडाच्या कुळातील. खऱ्या कॅक्टसची खूण म्हणजे ज्यातून काट्यांचा पुंजका फुटतो ती लवदार उशी. ती येथे होती. फुलाच्या मध्यभागी हिरवीगार कुक्षी दिसली आणि मी जाहीर करून टाकले, "हा एकिनोसेरिअस एंगेलमानी!"

त्या नावाची मला ओढ होती. जॉर्ज एंगेलमान (१८०९–१८८४) हे सेंट लुईस येथील डॉक्टर. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी निवडुंगांचा अभ्यास केला आणि १८४८ मध्ये एकिनोसेरिअस ही प्रजाती प्रस्थापित केली. अशा व्यवसायबंधूच्या नावाची वनस्पती भेटावी, असे मनात घेऊनच मी निघालो होतो.

मुलाने माहितीपुस्तक उघडून विचारले, "बाबा, काटे पाहिलेत का?"

पाहिले नव्हते. हिरवी कुक्षी या प्रजातीतील बहुतेक जातींत असते. एंगेलमानीच्या पुंजक्यात मधले काटे अनेक आणि त्यांतील खालचा चपटा. येथे मात्र मध्यभागी एकच काटा इतरांहून ठळकपणे लांब होता. जात निघाली फॅसिक्युलेटस.

मी ओशाळलो, आणि अनेक वर्षांपूर्वीचा एक पावसाळा आठवला. मलेरियाची साथ होती. थंडी वाजून ताप आलेल्या एका तरुणाला मीही मलेरियाच ठरविला. तो विषमज्वर होता, हे कळेपर्यंत चार दिवस गेले. सुदैवाने तो बरा झाला. त्याही वेळी लक्षणाने मला फसविले नव्हते. उत्तर आधीच ठरवून मी तपासणी केली होती.

उद्यानात फूल तोडण्यास मनाई आहे. म्हणून खाली बसून मी फुलाबरोबर काट्यांची, खोडावरील कंगोऱ्यांची आणि भोवतालच्या जमिनीचीही छायाचित्रे घेतली. घरी आल्यावर ती वहीत चिकटवली. खाली प्रथम माझे चुकलेले नाव लिहिले, ते खोडले आणि मग बरोबर नाव लिहिले. खोडलेले नाव वाचता येईल, इतपतच रेघ ओढली आहे.