ब्रशनं रक्त येतं म्हणून…

इंदापूर तालुक्यातल्या एक बाई दवाखान्यात आल्या होत्या. वय चाळिशीच्या आतबाहेर. खालचे पुढचे दोन दात हलत होते आणि दातांच्या आतल्या बाजूला कीटणाचा बांधच घातलेला होता. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, ब्रशनं रक्त येतंय म्हणून तर मी मिश्री लावते. मिश्रीनं बरं वाटतंय.’’ बारामती-इंदापूर भागात दातांचा दवाखाना चालवणाऱ्याला हे वाक्य पाठ झालेलं असतं. ब्रशनं रक्त येतं हे खरं, मिश्रीनं बरं वाटतं हेही खरं. घोळ आहे तो मधल्या ‘म्हणून’चा.

रक्त ब्रशमुळे येत नाही. ते आधीच सुजलेल्या हिरडीतून येतं, ब्रश फक्त दाखवून देतो. आपण कितीही चुळा भरल्या तरी काही तासांत दातांवर जंतूंचा चिकट, पातळ थर बसायला लागतो. तो दात आणि हिरडी मिळतात त्या कडेला साचला की हिरडी लाल होते, फुगते. डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथं हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चांगल्या हिरड्यांच्या १२ जणांना त्यांनी दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध नाही, गोळी नाही.

आता आपण नेमकं उलटं करतो. जिथं रक्त येतं ती जागा दुखू नये म्हणून घासायची सोडतो. तिथं थर वाढतो, त्यात लाळेतले क्षार बसतात आणि दगडासारखं कीटण तयार होतं. ठिबकच्या नळीत क्षार बसून ड्रिपर तुंबतात, तसंच हे. (ठिबकला आपण अ‍ॅसिड सोडतो, म्हणून दातांवर लिंबू घासू नका. कीटण निघत नाही, दाताचं वरचं आवरण मात्र झिजतं.) कीटणाच्या आडोशानं सूज खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारं हाड झिजू लागतं. उसाची बांधणी का करतो आपण? मुळाशी माती नसेल तर वाऱ्यात ऊस लोळतो. दाताचंही तसंच, किडका नसलेला, चांगला पांढरा दात हाड गेल्यामुळे हलतो आणि पडतो.

मग मिश्रीनं बरं का वाटतं? मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. तिच्यातल्या निकोटिनची तलफ भागते, ठणका विसरायला होतो. आजार तिथंच राहतो. बोटानं रोज घासून हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो वेगळाच. गरोदर बाईनं लावली तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. बिडी-सिगारेटवाल्यांची गंमत आणखी वेगळी. त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणून ते निर्धास्त असतात. प्रत्यक्षात धुरानं रक्ताची खूण दबलेली असते आणि हाड मात्र जास्त वेगानं जात असतं.

आमच्याकडे आणखी एक समज आहे, ऊस चावला की दात साफ होतात. चघळताना वरवर थोडं घासलं जात असेल. पण कडेला आणि दोन दातांच्या फटीत चोयटी पोचत नाही, रस मात्र पोचतो. राखुंडी आणि विटेची भुकटी तर दात खरवडून काढतात.

घरी करायचं ते फार नाही. मऊ केसांचा ब्रश घ्या. केस हिरडीकडे थोडे तिरके रोखून कडेवर टेकवा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. भांडं घासल्यासारखा जोर नको. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं चुकवू नका. फटींसाठी दोरा किंवा छोटा ब्रश मिळतो, टाचणी-काडी घालू नका. पेस्ट महागडी हवी असं नाही, फ्लोराइडची असली म्हणजे झालं. कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्या तर आराम पडतो, पण तो घासण्याला पर्याय नाही. पहिले काही दिवस रक्त येईलच, थांबू नका. दोन आठवड्यांत थांबलं नाही, पू येत असेल, दात हलत असेल, तर दंतवैद्याकडे जायला हवं, कारण बसलेलं कीटण घरी निघत नाही. ‘दात साफ केले की हलायला लागतात’ असं म्हणतात. ते आधीच हलते असतात, कीटणानं सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात.

मधुमेह असणाऱ्यांनी जास्त जपावं. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हाही घासणं सोडू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका. आणि ताप असताना हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले असतील, तर दातांच्या नव्हे, थेट मोठ्या डॉक्टरांकडे जा. डेंग्यू असू शकतो.

त्या बाईंचं कीटण काढलं आणि ब्रश कसा धरायचा ते दाखवलं. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा रक्त थांबलं होतं. हलणारे दोन दात अजून हलतच होते. गेलेलं हाड सहसा भरून येत नाही, पुढचं जाणं तेवढं थांबवता येतं. मिश्री दिवसाला चार वेळांवरून एकदावर आली होती. ‘‘पहाटंची सुटंना,’’ म्हणाल्या. त्यांना तंबाखू सोडण्यासाठी मदत करणाऱ्या सरकारी फोनचा नंबर लिहून दिला, १८००११२३५६. पैसे पडत नाहीत.

सोबत त्यांची मुलगी होती, कॉलेजात जाणारी. मिश्रीला तिनं हात लावलेला नव्हता. फक्त डावीकडं रक्त येतं म्हणून दोन महिने त्या बाजूला ब्रश फिरवला नव्हता. तिच्या हातात आरसा दिला आणि तिथूनच सुरुवात करायला लावली.