रिअॅक्टर कोणता घ्यावा, त्याआधी रिअॅक्टर कशाला

बोईसर-तारापूरला 'रिअॅक्टर' हा शब्द काढला की दोनच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे 1969 साली सुरू झालेलं अणुवीजकेंद्र आणि दुसरी एमआयडीसीतल्या औषध कारखान्यांतली मोठाली भांडी. त्यामुळे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने, "सर, घरी कॅल्शियम रिअॅक्टर बसवायचाय, कोणता घेऊ?" असं विचारलं तेव्हा आम्ही जरा दचकलोच. मग कळलं, बोईसरच्या फ्लॅटमध्ये त्याने खाऱ्या पाण्याची 400 लिटरची टाकी केली आहे आणि तीत प्रवाळ वाढवतो आहे.

तर्कशास्त्र शिकवताना आम्ही नेहमी सांगत असू की काही प्रश्नांच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला असतो. पहिल्याचं उत्तर द्यायला लागलो की दुसऱ्याला न विचारताच होकार देऊन बसतो. 'कोणता' विचारताना 'हवा आहे का' हा प्रश्न सुटून गेला होता. आणि इथे चूक झाली तर पैसे जातातच, पण टाकीतला जीवही जातो.

दगडी प्रवाळ पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट ओढून घेतो आणि स्वतःचा सांगाडा बांधतो. समुद्रात लिटरमागे 420 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, अल्कता 7 डीकेएचच्या आसपास. समुद्राला या ओढीचं काही नाही. 400 लिटरच्या टाकीला मात्र रोजचा खर्च रोज भरून द्यावा लागतो. (मऊ प्रवाळ असा सांगाडा बांधत नाहीत. तेवढेच ठेवणाऱ्यांनी उरलेलं व्याख्यान मौज म्हणून ऐकावं.)

आता शाळेतला प्रयोग आठवा. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की निवळी दुधाळ होते. बहुतेक गुरुजी इथेच थांबत. पण तसंच फुंकत राहिलं तर ती पुन्हा नितळ होते! आधी जो कार्बोनेटचा साका बनला, तो जादा कार्बन डायऑक्साइडमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळतो. कॅल्शियम रिअॅक्टर म्हणजे या प्रयोगाचा उत्तरार्ध. बंद नळकांड्यात अरागोनाइटचे दाणे भरायचे, पंपाने पाणी आत फिरवत ठेवायचं, त्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. आतला पीएच साडेसहाच्या जरा वर राहिला की दाणे विरघळतात आणि ते पाणी थेंबथेंब टाकीत येतं. कॅल्शियम आणि अल्कता दोन्ही एका ठरलेल्या प्रमाणात मिळतात: 2.8 डीकेएचमागे 20 मिलिग्रॅम कॅल्शियम. प्रवाळही जवळपास त्याच प्रमाणात खर्च करतो, म्हणून जोडी जमते. पण आधीच बिघडलेलं प्रमाण हे यंत्र दुरुस्त करत नाही.

खोक्यावर '1000 लिटरपर्यंत' असं छापलेलं असतं. त्याला अर्थ नाही. लिटर खात नाहीत, प्रवाळ खातो. आम्ही विद्यार्थ्याला सांगितलं, तीन दिवस बाहेरून काही घालू नकोस, रोज ठरलेल्या वेळी अल्कता मोज. रोज 1.5 डीकेएच घट आली.

मग निवळीचा हिशेब मांडला. टाकीतलं पाणी उडून जातं त्याच्या भरपाईला साध्या पाण्याऐवजी चुन्याची निवळी घालता येते. उन्हाळ्यात त्याचं रोज 4 लिटर पाणी उडतं. तेवढ्या भरगच्च निवळीतून 1.1 डीकेएच मिळतात. म्हणजे तूट थोडीच उरते. पण आपल्याकडचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे. हवाच पाण्याने भरलेली, टाकीतलं पाणी उडणार कुठे? 2 लिटर उडालं तर भरपाई निम्मी, आणि प्रवाळाची भूक तेवढीच. तूट जवळजवळ 1 डीकेएच. तेव्हा रिअॅक्टर हवा, पण दीडचा नव्हे, एकाचा. त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची अल्कता 30 आणि टाकीची 8 धरली तर मिनिटाला 12-13 मिलिलिटर धार पुरते. दिवसाला विरघळणार जेमतेम 7 ग्रॅम दगड. याला लहानसं यंत्र भागतं.

निवळी घालताना पानाच्या डबीतला चुना नको, शुद्ध चुना घ्या आणि रात्री थेंबथेंब सोडा. तिचा पीएच 12 च्या वर असतो.

पैसे खरे कुठे घालायचे, तर गॅसच्या बाजूला. वीज गेली की पंप थांबतो, पण झडप साधी असेल तर गॅस येतच राहतो. वीज येते तेव्हा आत साठलेलं आम्लधर्मी पाणी टाकीत जातं. म्हणून वीज जाताच आपोआप बंद होणारी सोलेनॉइड झडप हवीच. अणुवीजकेंद्राच्या शेजारी राहून हे सांगावं लागतं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसरं, कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही. आपल्या उन्हाळ्यात तापलेल्या सिलिंडरमधला दाब चढतो, तेव्हा दोन टप्प्यांचा रेग्युलेटर घ्यावा, सिलिंडर उन्हात ठेवू नये.

आणि दाणे. किनाऱ्यावर सापडलेले मेलेल्या प्रवाळाचे तुकडे भरावेत, असं अनेकांना सुचतं. ते करू नका! दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मालवणहून उचललेला तुकडाही त्यात येतो. परदेशी प्रवाळाचेही कागद हवेत, कारण सगळे दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. कागद नसतील तर रिअॅक्टरचा विचारच सोडा. विद्यार्थ्याने विचारलं, "सर, तिसऱ्यांच्या शिंपल्या?" त्या अरागोनाइटच्याच असतात, खरं आहे. कालवाच्या बहुतांशी कॅल्साइटच्या, त्या सहज विरघळत नाहीत. पण शिंपल्यांत मांसाचा अंश राहतो आणि फॉस्फेट वाढतं, म्हणून आम्ही नको म्हटलं. खाणीतल्या अरागोनाइटचे दाणे विकत मिळतात, ते घ्यावेत.

त्याने निवळी चालूच ठेवली. रिअॅक्टरमुळे टाकीचा पीएच खाली येतो, निवळीने वर जातो, हा फायदा वेगळाच. यंत्र लहान घेतलं, झडप चांगली घेतली. सिलिंडर गॅलरीच्या सावलीत उभा आहे, साखळीने भिंतीला बांधलेला.