लॅपटॉप ‘मेला’ म्हणण्याआधी



सातपुड्यातील आमच्या मुलींच्या वसतिगृहासाठी तुम्ही पाठवलेल्या जुन्या लॅपटॉपची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी दोनपैकी एक सुरूच होईना. ‘मेला’ म्हणून मी तो कपाटात ठेवून दिला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायच्या दिवसांत बावीस मुली उरलेल्या एका लॅपटॉपसाठी रात्री उशिरापर्यंत ताटकळल्या. पुढे नंदुरबारच्या दुरुस्तीवाल्याने त्याला दुसरा चार्जर लावला आणि तो लगेच सुरू झाला. बिघाड फक्त चार्जरमध्ये होता! मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी चार गोष्टी क्रमाने तपासते. तुम्हालाही त्या घरी उपयोगी पडतील.

१. वीज : त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून वीज येते का ते पाहावे. एक्स्टेंशन बोर्ड टाळून प्लग थेट भिंतीत लावावा.

२. चार्जर : वायर कुठे पिचली आहे का, पिन सैल बसते का ते पाहावे. चार्जरवर आउटपुटचे व्होल्ट व अँपिअर छापलेले असतात. गोल पिनच्या लॅपटॉपला दुसरा चार्जर लावताना शक्यतो त्याच कंपनीचा घ्यावा. पिन व व्होल्ट तेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत.

३. साठलेली वीज : चार्जर काढावा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी. सुरू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. मग फक्त चार्जर लावून पुन्हा सुरू करावे. बॅटरीशिवाय सुरू झाला, तर दोष बहुधा बॅटरीचा. असा लॅपटॉप चार्जरवर वापरता येतो. मात्र वीज जाताच तो बंद पडतो, म्हणून काम वरचेवर सेव्ह करावे. बॅटरी आत बसवलेली असेल, तर स्वतः उघडू नये.

४. बॅटरी : लिथियम-आयन बॅटरी वापराने आणि उष्णतेने हळूहळू थकते. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरला की हवा कोंडते व तो तापतो. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली, तर पुढे चार्ज घेईनाशी होऊ शकते. म्हणून मे महिन्याच्या सुट्टीआधी आम्ही ती निम्मी चार्ज करून, लॅपटॉप बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवतो.

एक धोका मात्र लक्षात असू द्या. टचपॅड वर उचलला गेला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा. बॅटरी दाबू नये, टोचू नये, घरच्या कचऱ्यात किंवा जाळात टाकू नये. ती पेट घेऊ शकते. मुलांच्या हाती लागू न देता जाणकाराकडून काढून घ्यावी व ई-कचरा केंद्रात द्यावी.

शेवटी एक विनंती. लॅपटॉप दान करताना त्याचाच चार्जर सोबत द्या आणि बॅटरी फुगलेली नाही ना, ते पाहून घ्या.

कपाटातला तो लॅपटॉप यंदा अर्जांच्या दिवसांत रोज चालला. मुली वेळेवर झोपल्या.

तुमची बहीण,
वसतिगृह सेविका