मुलाखतीत कोणतं उदाहरण सांगाल?

दुकानात माणूस घेताना मी विचारतो, "आधीच्या ठिकाणी वेगळं काय केलंस?" बरेच जण म्हणतात, "मेहनतीने काम केलं." एका मुलीने मात्र सांगितलं, "बिस्किटांचे रॅक माझ्याकडे होते. दर महिन्याला मुदत संपलेला माल फेकावा लागायचा. कुणी सांगितलं नव्हतं, पण मी दर सोमवारी तारखा बघून जुना माल पुढे लावायला लागले. 3 महिन्यांत फेकणं जवळजवळ थांबलं." तिला लगेच घेतलं.

जबाबदारी, अडचण, स्वतः केलेलं काम आणि परिणाम, चारही गोष्टी त्यात आल्या. उदाहरण निवडताना स्वतःला विचारा, "मी नसतो तरी हे झालंच असतं का?" उत्तर 'हो' असेल, तर दुसरं शोधा. आणि रंगवून सांगू नका, "कसं केलंस?" हा पुढचा प्रश्न येतोच.