किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदींचे निरसन

किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदींचे निरसन म्हणजे कमी गंभीर स्वरूपाच्या गुन्ह्यातील अटक, गुन्हा दाखल होणे किंवा खटला चालणे यांविषयीची शासकीय नोंद नष्ट करणे, बंद करणे अथवा तिचा कायदेशीर परिणाम संपुष्टात आणणे. भारतात प्रौढ व्यक्तींसाठी असे निरसन करणारा सर्वसाधारण कायदा नाही. महाराष्ट्रात खटला मागे घेणे, गुन्हा आपसात मिटवणे, उच्च न्यायालयाकडून तो रद्द करून घेणे अशा वेगवेगळ्या मार्गांनी अंशतः तोच परिणाम साधला जातो. या प्रत्येक मार्गासाठी पोलीस, सरकारी अभियोक्ता, न्यायालय आणि विधी सेवा प्राधिकरण यांचा वेळ व निधी खर्च होतो.

नोंद कोठे राहते
एका अटकेची नोंद एकाच ठिकाणी राहत नाही. पोलीस ठाण्याची स्टेशन डायरी व अटक नोंदवही, प्रथम खबरी अहवाल, 'सीसीटीएनएस' ही देशव्यापी संगणकीय प्रणाली, न्यायालयाचे अभिलेख आणि न्यायालयांची संकेतस्थळे येथे तिच्या स्वतंत्र प्रती तयार होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबरी अहवाल संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. त्यामुळे न्यायालयाने आरोपीला मुक्त केले तरी त्याची नोंद इतरत्र 'प्रलंबित' अशी दिसत राहू शकते. प्रतिबंधात्मक कारवाई, म्हणजे बोलीभाषेतील 'चॅप्टर केस', ही शिक्षा नसते. तरीही तिची नोंद पोलिसांच्या अभिलेखात राहते.

कायदेशीर चौकट
बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत अथवा विहित कालावधी संपल्यावर तिची नोंद नष्ट करावयाची असते. गंभीरतम गुन्ह्यांतील काही प्रकरणे याला अपवाद आहेत. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम १२ नुसार परिवीक्षेवर किंवा ताकीद देऊन सोडलेल्या प्रौढ व्यक्तीची अपात्रता दूर होते. मात्र तेथे नोंद नष्ट करण्याची तरतूद नाही.

खटला मागे घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३२१ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३६० मध्ये आहे. दोषारोप निश्चित होण्यापूर्वी खटला मागे घेतल्यास आरोपी दोषमुक्त होतो आणि त्यानंतर घेतल्यास त्याची निर्दोष मुक्तता होते. दोन्ही स्थितींत न्यायालयाची संमती आवश्यक असते. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२ नुसार बोटांचे ठसे, छायाचित्रे इत्यादी मोजमापे ७५ वर्षांपर्यंत जतन करता येतात. पूर्वी दोषसिद्धी नसलेली व्यक्ती खटल्याविना सुटली, दोषमुक्त झाली किंवा निर्दोष ठरली, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसल्यास ही मोजमापे नष्ट करावी लागतात. ही तरतूद मोजमापांपुरती आहे. प्रथम खबरी अहवाल अथवा न्यायालयीन कागदपत्रे तिच्या कक्षेत येत नाहीत.

सार्वजनिक खर्चाचे घटक
पहिला घटक छाननीचा आहे. कोणते प्रकरण सवलतीस पात्र आहे हे ठरवण्यासाठी पोलिसांना जुनी कागदपत्रे काढून प्रत्येक आरोपीची माहिती तपासावी लागते. दुसरा घटक न्यायालयीन आहे. शासनाने निर्णय घेतला तरी सरकारी अभियोक्त्याला प्रत्येक खटल्यात स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि न्यायालय त्यावर स्वतंत्र आदेश देते. तिसरा घटक निर्णयानंतरच्या दुरुस्तीचा, म्हणजे आदेशाची माहिती सर्व प्रणालींपर्यंत पोहोचवण्याचा आहे. हे तिसरे काम अपुरे राहिल्यास आधीच्या दोन टप्प्यांवरील खर्चाचा लाभ संबंधित व्यक्तीला मिळत नाही.

चौथा घटक मोफत विधी साहाय्याचा आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. आपसात मिटवता येणारे गुन्हे लोकअदालतीत निकाली निघाल्यास न्यायालयाचा वेळ वाचतो.

या खर्चाची तुलना नोंद तशीच ठेवण्याच्या खर्चाशी करावी लागते. प्रलंबित खटल्यात समन्स बजावणे, तारखा देणे, साक्षीदार बोलावणे आणि अभिलेख सांभाळणे यांवर दरवर्षी खर्च होतच राहतो. नोंदीमुळे रोजगार हुकल्यास त्याचा भार आधी कुटुंबावर आणि नंतर समाजावर पडतो.

दिघा आणि औद्योगिक पट्टा
नवी मुंबईच्या उत्तर टोकाला, ठाणे शहराच्या कळवा भागालगत असलेले दिघा हे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याला लागून आहे. इलठणपाडा, ईश्वरनगर, रामनगर या वस्त्यांत कामगारांची मोठी संख्या आहे. हा परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या रबाळे एमआयडीसी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. १२ जानेवारी २०२४ रोजी येथील दिघा गाव रेल्वे स्थानकाचे उद्घाटन झाले.

अशा औद्योगिक वस्तीत चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र हा रोजगाराशी थेट जोडलेला दस्तऐवज आहे. खासगी सुरक्षा अभिकरण (विनियमन) अधिनियम, २००५ नुसार सुरक्षारक्षक नेमताना त्याचे चारित्र्य व पूर्वेतिहास तपासणे बंधनकारक आहे. जुगार, सार्वजनिक ठिकाणचे मद्यपान किंवा शेजाऱ्यांतील भांडण यांतून झालेली जुनी नोंद या टप्प्यावर पुढे येते. नोंद असणे म्हणजे दोषी असणे नव्हे, हा कायद्याचा भेद प्रमाणपत्र पाहणाऱ्या मालकाच्या लक्षात येईलच असे नाही. औद्योगिक कामगाराला मोफत वकिलाचा हक्क असला, तरी खटल्याच्या प्रत्येक तारखेला बुडणारा रोज कोणत्याही योजनेतून भरून मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निकालात नोकरीतील पूर्वेतिहास-तपासणीची तत्त्वे घालून दिली. तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा तत्सम क्षुल्लक गुन्ह्याची माहिती उमेदवाराने दिली नसली, तरी नियोक्ता त्याकडे दुर्लक्ष करू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. हा नियोक्त्याचा विवेकाधिकार आहे. उमेदवाराला त्यातून नोकरीचा हक्क मिळत नाही.

टाळेबंदीतील गुन्हे
२५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत आदेशभंगाबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली महाराष्ट्रात मोठ्या संख्येने गुन्हे दाखल झाले. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री दिलीप वळसे पाटील यांनी विद्यार्थी व नागरिकांवरील असे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. नोकरी आणि पारपत्र यांत येणाऱ्या अडचणी ही त्यामागील प्रमुख कारणे होती. शासकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांची प्रकरणे सवलतीतून वगळण्यात आली. हा निर्णय खटले मागे घेण्याचा होता. पोलीस अभिलेखातील मूळ नोंद त्याने आपोआप पुसली जात नाही.

राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटल्यांबाबतही महाराष्ट्र शासनाने वेळोवेळी असे निर्णय घेतले आहेत. जीवितहानी झालेली नसणे आणि मालमत्तेचे नुकसान ठरावीक मर्यादेत असणे अशा अटी त्यांत घातल्या जातात.

इतर देशांतील अनुभव
ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर अनेक शिक्षा 'कालबाह्य' मानल्या जातात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने २०१८ मध्ये पात्र नोंदी अर्जाविना, संगणकाद्वारे बंद करण्याचा कायदा केला. मिशिगन राज्यातील नोंदींवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पात्र व्यक्तींपैकी केवळ ६.५ टक्के व्यक्तींनी पाच वर्षांत अर्ज करून निरसन मिळवल्याचे आढळले. निरसनानंतर वर्षभरात त्यांच्या वेतनात सरासरी २२ टक्क्यांहून अधिक वाढ दिसली. स्वयंचलित पद्धतीत सुरुवातीचा संगणकीकरणाचा खर्च मोठा असतो, परंतु प्रत्येक प्रकरणामागील खर्च घटतो.

मतभेद
निरसनाच्या समर्थकांच्या मते किरकोळ गुन्ह्याचा परिणाम विहित शिक्षेपेक्षा अधिक काळ टिकणे अन्यायकारक आहे. विरोधकांच्या मते नोंदी नष्ट केल्यास सराईत गुन्हेगार ओळखणे अवघड होते आणि पीडितांच्या हिताकडे दुर्लक्ष होऊ शकते. राजकीय सोयीसाठी खटले मागे घेतले जातात, अशीही टीका होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये खासदार व आमदारांविरुद्धचे खटले संबंधित उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेण्यास मनाई केली.

अनावश्यक नोंद मुळात निर्माण न होऊ देणे हा तिसरा मार्ग मांडला जातो. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक न करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात दिले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये अटकेऐवजी नोटीस देण्याची तरतूद आहे. यामुळे अटकेची नोंद टळते, मात्र गुन्हा दाखल झाल्याची नोंद कायम राहते.