बेचाळीस डबे

पहाटे 4.40. भोपाळच्या साकेतनगरातून रिक्षा निघते. आत तीन बायका, पायाशी रिकामी पोती. तिघींचाही धंदा डब्यांचा. करोंद मंडीला जाऊन-येऊन 450 रुपये, प्रत्येकी 150. त्यांतल्या एक म्हणजे काकू; त्या 35 किलो भाजी घेतात. मंडीत किलोमागे सात-आठ रुपये वाचतात. ‘‘एकटी आली की वाचलेलं सगळं रिक्षावाल्याचं,’’ त्या म्हणतात. म्हणून आठवड्यातून दोनदाच, आणि तिघी मिळून.

5.30. बटाटे, कांदे, दुधी, कोबी. कोथिंबिरीला काकू अजून नागपूरसारखं ‘सांबार’ म्हणतात. 1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी नागपूरची भोपाळला आली, आणि तिच्यामागे नागपूरचे कारकूनही आले. काकूंचे सासरे त्यांतलेच. भाव हिंदीत होतो. पोतं उचलताना मात्र तोंडातून ‘‘अगं माय’’ निघतं.

7.15. मदतनीस येते. 11 वाजेपर्यंतचे 300 रुपये, शिवाय चहा-पोहे. सव्वासहा किलो कणीक. ती लाटते, काकू भाजतात. तासाला सत्तर पोळ्या, डब्यात पाच, एकूण 210. यापुढे एका पोळपाटावर जमत नाही. काकूंच्या उजव्या मनगटाला कापडी पट्टा आहे. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा, सात दिवस पुरतो. तो लावला त्या दिवशीची तारीख खडूने त्यावरच लिहिलेली. आठव्या दिवशीही संपला नाही, तर पोळ्या कमी भाजल्या गेल्या की आच मंद ठेवली, हे काकू शोधतात. पाचव्या दिवशी संपला, तर आधी नळी तपासतात.

10.40. डबे भरणं. वरणाचा एकच डाव, भाताची एकच वाटी. अंदाजाने वाढायचं नाही. भिंतीवर अन्नव्यवसायाच्या नोंदणीचा कागद. नोंदणीला वर्षाला 100 रुपये.

11.30. डबे पोचवणारा पोरगा ते दुचाकीवर लादतो. डब्यामागे 10 रुपये, पेट्रोल त्याचं. बरेचसे डबे एम्सच्या बाजूला जातात. विद्यार्थी महिन्याचे आगाऊ देतात, रुग्णांचे नातेवाईक रोजचे रोख. एकदा परीक्षा संपली आणि तीन मुलं 6,000 रुपये थकवून गावी गेली. तेव्हापासून 5 तारखेपर्यंत पैसे नाही आले, तर 6 तारखेला डबा नाही. नातेवाइकांना मात्र एखादा दिवस त्या थांबतात. ते मला पटलं.

1.40. फोन येतो. एका कचेरीला रोज 25 डबे हवेत, पण नेहमीच्या 70 ला नाही, 55 ला. मला वाटलं, घेतील. काकू वही उघडतात. भाजी 480, किराणा 800, गॅस 260, मदतनीस 300, पोरगा 420. बेरीज 2,260. भागिले 42, चोपन्न.

‘‘म्हणजे एक रुपया सुटतो,’’ मी म्हणते.

‘‘आणि मी? मी फुकटात भाजून राहिली का?’’

यादीत आणखी एक ओळ असते: ‘मी – 400’. मग डबा त्रेसष्टला पडतो. वर 25 डबे म्हणजे सव्वाशे पोळ्या, दुसरी बाई, दुसरी शेगडी. काकू फोन लावतात. ‘‘भैया, सत्तर से कम में नहीं होगा.’’ पलीकडचा माणूस फोन ठेवतो. इथे हो म्हटलं असतं, तर काकूंची मेहनत फुकट गेली असती. ‘मी’ची ही ओळ प्रत्येकीच्या वहीत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

3.00. रिकामे डबे परत. एकेचाळीस. बेचाळिसावा कुठे आहे, तेवढ्यासाठी दोन फोन.

रात्री 9.10. टिनच्या डब्यात धंद्याचे पैसे. चौक बाजारातून घेतलेल्या जरीच्या बटव्यात घराचे. टिनमधून बटव्यात फक्त 400 जातात. खर्च आणि हे 400 जाऊन उरलेल्या 280 पैकी 100 भांडी-शेगडीच्या दुरुस्तीसाठी वेगळ्या पाकिटात, 180 टिनमध्येच. काकूंचा मुलगा पन्नास रुपये मागतो. काकू बटवा उघडतात. टिनला हात लावत नाहीत.

उद्या मंडी नाही. गजर साडेपाचचा.