गुडघा बदलायचा, रोबोटने की हाताने?

अम्मीचे गुडघे झिजलेत. दोन वर्षांपासून तिची नमाज खुर्चीवरच होते. डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितले आणि घरात वाद सुरू झाला. धाकटा भाऊ म्हणाला, "रोबोटनेच करू, चूक होणार नाही." त्यासाठी दागिने मोडायची भाषा झाली.

पण रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच करतात. हाड किती कापायचे हे संगणकावर ठरते आणि यंत्र ती रेषा पाळायला मदत करते. पारंपरिक पद्धतीत हेच काम मोजमापाच्या साच्यांवर आणि सर्जनच्या नजरेवर चालते. रोबोटमुळे काप अधिक अचूक येतो, हे खरे. मात्र पुढे दुखणे आणि चालणे यांत मोठा फरक पडतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर सरकारने २०१७ मध्ये मर्यादा घातली; रोबोटचा खर्च त्याहून वेगळा.

म्हणून आधी विचारा: सर्जनचा अनुभव किती? एकूण खर्च किती? नंतरचा व्यायाम कोण करून घेणार?

अम्मीने एकच विचारले, "सजदा जमेल?"

डॉक्टर म्हणाले, "गुडघे टेकणे अनेकांना अवघड जाते, पद्धत कुठलीही असो."

अम्मी हसली. "खुर्ची आहेच. दागिने राहू द्या. बाजारापर्यंत चालता आले, तरी अल्हम्दुलिल्लाह."